'रन टू द हिल्स' आणि आमचा सातपुडा

हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "त्यातलं काही कळतं का रे तुला?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आवाज कमी करून हवा असतो :-) पण प्रश्न चांगला आहे. म्हणून या शनिवारी एकच गाणं घेतोय आणि त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करतोय. गाणं आयर्न मेडनचं, 'रन टू द हिल्स'. अर्थ लावायला अमेरिकेइतकाच आमचा खान्देशही लागणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

आधी माहिती. गाणं स्टीव्ह हॅरिसने लिहिलं, फेब्रुवारी १९८२ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि पुढच्याच महिन्यात 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बममध्ये. ब्रूस डिकिन्सन बँडमध्ये आल्यानंतरचं हे पहिलं सिंगल. विषय आहे गोऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची केलेली वाताहत. एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं. मजा पुढे आहे.

या गाण्यात तीन वेगवेगळी माणसं बोलतात. पहिलं कडवं संथ आहे आणि ते मूळ रहिवाशाचं आहे. तिथे सरळ 'आम्ही' येतं. मग बेस आणि ड्रम्स घोड्यासारखे उधळतात (एक लांब ठोका, दोन आखूड, ही हॅरिसची खास चाल) आणि दुसरं कडवं सुरू होतं. इथे कर्ताच गायब आहे. नुसती दौड आणि पाठलाग. पण समोरच्यांसाठी वापरलेले हेटाळणीचे शब्द ऐकले की कळतं, आपण आता घोड्यावर बसलेल्या सैनिकाच्या डोळ्यांनी बघतोय. तिसऱ्या कडव्यात कॅमेरा आणखी मागे जातो. आता कोणी तिसराच त्या निळ्या कोटातल्या सैनिकाकडे बोट दाखवून त्याचे प्रताप सांगतोय. थोडक्यात काय, एक शिकार, एक शिकारी आणि एक साक्षीदार.

आता खरा प्रश्न. धृपद कोणाचं? डोंगराकडे पळायला नक्की कोण सांगतंय?

इंग्रजीत हे झाकून जातं. मराठीत भाषांतर करायला बसा, लगेच अडकता. स्वतःच्या माणसांना सावध करायचं तर 'चला, निघा रे' असं काहीतरी म्हणावं लागेल. सैनिक म्हणत असेल तर 'पळा लेको, बघतोच कुठे जाता ते'. इंग्रजी धृपदात 'आपण' नाही, समोरच्यालाच जीव वाचवायला सांगितलंय. म्हणजे बोलणारा स्वतः पळत नाहीये. शिवाय धृपद येतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यानंतर, पहिल्यानंतर नाही. मला तरी वाटतं की ते सैनिकाचं किंवा साक्षीदाराचं आहे, पळणाऱ्याचं नाही. आणि आपण सगळे मुठी उंचावून नेमकं तेच गातो!

एक खुसपट काढून ठेवतो. पहिल्या कडव्यातला माणूस स्वतःला क्री म्हणवतो. क्री लोक मुख्यतः कॅनडातले. निळ्या कोटातल्या अमेरिकन घोडदळाच्या मैदानी लढाया गाजल्या त्या लाकोटा, शायान वगैरेंशी. म्हणजे हॅरिस इतिहासाचा पेपर लिहीत नव्हता, त्याने एक नाव प्रतिनिधी म्हणून घेतलं. चालायचंच.

मला मात्र हे गाणं ऐकताना अमेरिकेतले डोंगर दिसत नाहीत. मी भुसावळचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे उत्तरेकडे तापीपलीकडे, यावल-रावेरच्या केळीच्या बागांच्या मागे दिसणारी सातपुड्याची निळी रेघ. गाण्यातली गोष्ट ज्या शतकातली, त्याच शतकात ती इथेही घडलीय. फक्त ती जास्त गुंतागुंतीची आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे आला. मैदानातल्या अनेक गावांत जागल्या म्हणून राखण करणारे भिल्ल होते, घाटवाटांवर त्यांच्या नाईकांचे हक्क होते. पण त्याआधीची पंधरावीस वर्षं दुष्काळ, होळकर-पेशव्यांची भांडणं आणि पेंढारी यांत गेली होती. बरेच भिल्ल डोंगरात शिरले होते आणि तिथून मैदानातली गावं लुटत होते. त्यांना डोंगरात ढकलायला इंग्रजांनी सुरुवात केली असंही नाही. १८०४ मध्ये पेशव्यांच्या अधिकाऱ्याने कोपरगावला भिल्लांना दग्याने गाठून विहिरींत टाकल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. हे वाचलं की 'परका गोरा विरुद्ध आपण' हा सोपा हिशेब तिथेच चुकतो.

इंग्रजांनीही आधी पाठलागच केला. घाट अडवले, फौजा पाठवल्या. उपयोग फारसा झाला नाही. मग १८२५ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदललं. जेम्स औट्रम नावाचा २२ वर्षांचा अधिकारी आला (आजच्या हिशेबाने फ्रेशर!). त्याने भिल्लांबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, ओळख वाढवली आणि त्यांचीच पलटण उभी केली, खान्देश भिल्ल कोअर. ठाणं धरणगावला. भुसावळहून सुरतच्या गाडीत बसलात तर जळगावनंतर लागतं ते धरणगाव. पकडायचे तेच आता पकडणारे झाले. हॅरिसच्या गाण्यात याला जागाच नाही. तिथे पहिल्या कडव्यातला माणूस दुसऱ्या कडव्यात घोड्यावर बसलेला दिसत नाही. इथे बसला.

आणि उलटंही झालं. खाज्या नाईक हा सेंधवा घाटाची राखण करणारा, पगार इंग्रजांचा. १८५७ मध्ये तोच उठला. त्याच्याबरोबर भीमा नाईक आणि इतर. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. भिल्ल हरले. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या, बायकांनाही कैद केलं. भिल्ल कोअर या सगळ्या काळात इंग्रजांच्या बाजूने राहिली. पुढे खाज्या नाईक दग्याने मारला गेला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला गेला, त्याला अंदमानला पाठवलं आणि १८७६ मध्ये तो तिथेच वारला.

आता त्याच वर्षातली दुसरी तारीख बघा. १८६७ मध्येच भुसावळची रेल्वे नागपूरला पोहोचली. तोवर भुसावळ म्हणजे एक लहानसं गाव. जंक्शन झालं आणि मग कॉलनी, वर्कशॉप, बाजारपेठ, आम्ही. म्हणजे आमचं गाव मोठं झालं तेच मुळी मैदान 'शांत' झाल्यावर. आम्ही पहिल्या कडव्यातले नाही, दुसऱ्यातलेही नाही. घोडदळ निघून गेल्यावर त्या मैदानात जे राहायला आले, ते आम्ही. हॅरिसने या लोकांना कडवंच दिलेलं नाही. आणि माझ्या मते गाण्यातली खरी उणीव ही आहे, क्रीची चूक ही नव्हे. सैनिक क्रूर होता हे म्हणायला सोपं असतं. त्या सैनिकामुळे मोकळी झालेली जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न अवघड.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात वाजले तेव्हा हे गाणं होतंच. हजारो मुलं धृपद गात होती. मीही. तेव्हा यातलं काहीही डोक्यात नव्हतं, नुसता घसा बसला होता. गॅझेटियर नंतर कधीतरी वाचलं. (खान्देशचा खंड १८८० चा आहे. सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला, म्हणजे बराचसा दुसऱ्या कडव्यातला. तरीही वाचाच.)

गोष्ट तिथे थांबली नाही. आधी लोक डोंगरात गेले, मग १८७८ चा वन कायदा आला आणि डोंगरही सरकारचा झाला. मैदानातून डोंगरात पळालेल्यांना आता डोंगरात 'अतिक्रमणदार' म्हणायची सोय झाली. यावल, चोपडा, रावेरच्या जंगलपट्ट्यात भिल्ल-पावरा कुटुंबांच्या जमिनींचे जे वाद ऐकू येतात, त्यांचं मूळ इथपर्यंत जातं. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला आणि त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलं की या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झालाय. म्हणजे आमच्याकडे तिसरं कडवं, साक्षीदाराचं, कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी, पण लिहिलं गेलं.

तर माझ्यापुरता या गाण्याचा अर्थ असा. डोंगराकडे जा, हे मैदान म्हणतं. ज्याला मैदान हवंय तो म्हणतो. कधी तलवार घेऊन, कधी सातबारा घेऊन.

असो. गाणं अजूनही मोठ्या आवाजातच ऐकावं. फक्त धृपद आलं की एकदा बघावं, आपण कोणाच्या तोंडचं वाक्य म्हणतोय.