मैदाने, चौपाट्या आणि नियमांच्या पाट्या

शहरातील बहुतेक मैदानांच्या फाटकाशी एक पाटी असते. थुंकू नये, कचरा टाकू नये, वाहन लावू नये, मद्यपान करू नये, अमुक वाजल्यानंतर आत थांबू नये. काय करू नये हे पाटी सविस्तर सांगते. काय करावे याविषयी ती सहसा मौन पाळते. गेल्या वर्षात आपल्या मंडळाच्या सभेत या पाटीचा विषय तीनदा निघाला. मैदानात आणि चौपाटीवर उनाडपणा वाढला आहे, रात्री उशिरापर्यंत टोळकी बसतात, बाटल्या फुटतात, नातवंडांना खेळावयास पाठविण्याची भीती वाटते. तेव्हा नियम अधिक कडक करावेत असे पत्र मंडळाने महापालिकेस द्यावे, अशी सूचना आली. काही भगिनींना ती मनापासून पटली, काहींना मुळीच पटली नाही. अखेर निर्णय लांबणीवर पडला आणि चिटणीसबाईंनी मला सांगितले की, या विषयाचा मागचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहून द्या, म्हणजे पत्रात काय मागावयाचे ते ठरविणे सोपे जाईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईची जुनी मैदाने लोकांनी हवा खावी म्हणून राखलेली नव्हती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान हा सारा पट्टा म्हणजे कोटाबाहेरचा मोकळा माळ. शत्रू चालून आला तर त्यास आडोसा मिळू नये व तोफांचा मारा मोकळा व्हावा म्हणून सरकारने तेथे बांधकाम होऊ दिले नाही. पुढे १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या, तोफांचे प्रयोजन उरले नाही. आणि लोक त्या माळावर फिरू लागले, खेळू लागले. जागा अशी लोकांच्या वहिवाटीत आली की मागोमाग नियम येतात, आणि नियमांमागून भांडणे.

नियमांचे भांडण मात्र त्याही आधीचे आहे. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव फार झाला म्हणून त्यांना ठार मारण्याचा हुकूम मुंबई सरकारने काढला होता व दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. मारेकऱ्यांना भटके कोणते आणि पाळलेले कोणते हा भेद पाहण्याची गरज वाटेनाशी झाली. पारशी लोकांत कुत्र्याला धार्मिक मान आहे. त्यांनी ६ जून १८३२ रोजी याला विरोध केला, बाजार बंद पडला व शेवटी लष्कर बोलवावे लागले. उपद्रव खरा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियम राबविणाऱ्याची मिळकत गुन्ह्यांच्या संख्येवर बांधली की त्याला गुन्हे अधिक दिसू लागतात, हा धडा मुंबईला तेव्हाच मिळाला होता.

तो धडा पुढे विसरला गेला. २००६ साली महापालिकेने स्वच्छतेचे उपविधी केले. त्यांत उघड्यावर थुंकणाऱ्यास २०० रुपये दंड होता. दंड वसूल करण्यासाठी २००७ पासून 'क्लीन-अप मार्शल' नेमण्यात आले. ते खाजगी ठेकेदारांचे नोकर आणि दंडाच्या रकमेत ठेकेदारांचा वाटा. लोकांना अडवून पैसे उकळल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की ही योजना पुनःपुन्हा बंद करावी व पुन्हा सुरू करावी लागली. आठ आण्यांचे दोनशे रुपये झाले, एवढाच काय तो फरक.

आता खेळाच्या मैदानाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोटाबाहेरच्या याच माळावर पारशी, हिंदू व मुसलमान मुले क्रिकेट खेळत असत. तेथेच गोरे अधिकारी घोड्यांवर बसून पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई व चेंडू कसाही उसळे. हिंदी खेळाडूंनी १८८१ साली सरकारकडे अर्ज केला व पुढे काही वर्षे हे प्रकरण धुमसत राहिले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. गोऱ्यांच्या दृष्टीने गर्दी करणारी, गलका करणारी ती हिंदी पोरे हाच उपद्रव होता. जमीन उखडणारे घोडे उपद्रवात मोडत नव्हते. शेवट असा झाला की समुद्रकाठच्या जागा निरनिराळ्या जमातींना देण्यात आल्या आणि १८८७ ते १८९४ या काळात तेथे पारशी, इस्लाम व हिंदू जिमखाने उभे राहिले. ज्याला त्याला जागा मिळाली हे खरे. परंतु सगळ्यांच्या मैदानाचा तंटा तीन कुंपणांनी मिटला, हेही तितकेच खरे.

उपद्रव कशाला म्हणावयाचे हे नियम करणारा ठरवितो, याचे याहून ठळक उदाहरण समुद्रकिनाऱ्यानेच दिले आहे. १९३० साली किनाऱ्यावर समुद्राचे पाणी आटवून चिमूटभर मीठ करणे हा गुन्हा होता. त्या एप्रिलमध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ करण्यास पुढे झालेल्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय अग्रभागी होत्या. चूल आणि भांडे या बाईच्या रोजच्या वस्तू. चौपाटीवर त्यांनीच कायदा मोडला. पुढे ९ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानाचा ताबा पोलिसांनी घेतला असताना अरुणा असफ अली यांनी तेथे तिरंगा फडकाविला. त्या दिवशी सरकारी दप्तरात तेही गैरवर्तनच होते.

या अवंतिकाबाईंचे आपल्या भागाशी आणखी एक नाते आहे आणि ते प्रत्येक मुलीला सांगावयास हवे. १९२५ साली महापालिकेने माहीम पार्क या नावाने एक विस्तीर्ण मैदान खुले केले. अवंतिकाबाई तेव्हा महापालिकेच्या सभासद होत्या. त्यांच्या आग्रहाने १९२७ साली त्या मैदानाचे नाव शिवाजी पार्क झाले. त्याआधी १९१८ साली त्यांनी गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला होता. म्हणजे स्त्रियांचे मंडळ चालविणारी बाई महापालिकेत गेली आणि तिने मैदानाला नाव दिले. मंडळाने मैदानाच्या कारभारात लक्ष घालणे ही काही नवी टूम नव्हे.

ज्या सुमारास शिवाजी पार्क आकाराला येत होते त्याच सुमारास कोकणात महाडला दुसरी एक नगरपालिका दुसऱ्याच परीक्षेस बसली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. (दादरच्या एस. के. बोले रस्त्यावरून आपण रोज भाजीला जातो, ते हेच बोले.) महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा पाणी पिणाऱ्यांना मारहाण झाली. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव रद्द करून टाकला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल दिला. सार्वजनिक जागी समाजविघातक वर्तन म्हणतात ते कोणते? ओंजळभर पाणी पिणे की पिणाऱ्यावर काठी उगारणे? आज याचे उत्तर शाळकरी मूलही देईल. त्या वेळी एका नगरपालिकेला ते देता आले नाही.

आपल्या दारातच याचे प्रत्यंतर दरवर्षी येते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीला येतात. कित्येक दूरच्या खेड्यांतून रेल्वेने, कडेवर मूल आणि डोक्यावर गाठोडे घेऊन येतात. शेजारपाजारच्या काही घरांतून त्या दिवसांत कपाळाला आठ्या पडत, घाण होते अशी कुरकूर चाले. पुढे महापालिका मैदानात मांडव, पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, दवाखाना अशी सोय करू लागली. ज्या ठिकाणी सोय झाली त्या ठिकाणी कुरकुरीचे कारण बव्हंशी उरले नाही. माणसे तीच होती, श्रद्धा तीच होती. बदलली ती व्यवस्था. आपल्या घरी लग्नाला दोनशे पाहुणे आले व मोरीत पाणी नसले तर आपण दोष पाहुण्यांना देत नाही, यजमानाला देतो.

याचा अर्थ नियम नकोतच असा नव्हे. आवाजाचे उदाहरण घ्या. शिवाजी पार्कभोवती शाळा आहेत, वृद्ध आहेत, आजारी माणसे आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा त्यांत घातली आहे. रहिवाशांच्या अर्जावरून २०१० साली हायकोर्टाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरविले; मात्र २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर या दिवसांना मोकळीक ठेवली. पुढे २०१६ च्या जानेवारीत राज्य सरकारने खेळाव्यतिरिक्त इतर कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस ठरवून दिले. सभांच्या परंपरेचे मैदान मुके केले म्हणून कित्येकांना वाईट वाटले. तरीही या नियमाची एक जमेची बाजू आहे. कोण बोलतो हे तो पाहत नाही. किती मोठ्याने बोलतो हे यंत्राने मोजतो. माझ्या मते चांगल्या नियमाचे हे पहिले लक्षण होय.

वाईट नियमाचे लक्षण याच्या नेमके उलट. १९५१ च्या पोलीस कायद्यात ११० वे कलम आहे, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन करण्यासंबंधी. असभ्य म्हणजे काय, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडलेले. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ व आक्सा किनाऱ्याजवळच्या हॉटेलांच्या बंद खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून याच कलमाखाली दंड करण्यात आला. बंद खोली ही सार्वजनिक जागा कशी, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. ज्या मुलींना त्या दिवशी पोलीस ठाण्यात बसावे लागले त्यांच्या घरी काय झाले असेल, याची कल्पना आपण बायका चांगली करू शकतो. आपल्या सभेत 'जोडप्यांना बसू देऊ नये' असे कलम सुचविण्यात आले होते. ज्यांनी सुचविले त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु शब्द सैल असला की तो कोणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो. आज परक्याच्या मुलीला उठविणारा शिपाई उद्या सातनंतर एकटी बसलेल्या आपल्या मुलीला 'इथे काय काम?' म्हणून विचारील.

हा 'काय काम' प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ साली एक इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, पुरुष कट्ट्यावर नुसता बसू शकतो; बाईला मात्र काही तरी कामासाठी आल्यासारखे दाखवावे लागते. भाजीची पिशवी, मुलाचा हात, नाही तर व्यायामाचे बूट. मैदान सर्वांचे असेल तर काही काम नसताना तेथे बसण्याचा अधिकार बाईलाही आहे. मैदान रात्री लवकर बंद केल्याने तिचे रक्षण होत नाही. जेथे दिवे आहेत, वर्दळ आहे, दोन-चार बायका गप्पा मारीत बसल्या आहेत, तेथे ती अधिक सुरक्षित असते.

आणखी एक गोष्ट. उघड्यावर लघवी करणाऱ्यास दंड हे योग्यच. परंतु पुरुषांसाठी फुकट मुताऱ्या आणि स्त्रियांकडून पैसे, अशी मुंबईची रीत कित्येक वर्षे चालली. बायका बाहेर पडताना पाणीच पीत नसत. याविरुद्ध २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने अनेक संस्थांनी चळवळ केली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या अर्जावर हायकोर्टाने २०१५ च्या डिसेंबरात महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये पुरविण्याविषयी आदेश दिले. आधी सोय, मग सक्ती हा क्रम न्यायाचा. सोय न करता केलेली सक्ती ही गरिबावर आणि बाईवर पडते, कारण बाकीच्यांना जवळपास घर असते.

वर्सोव्याच्या किनाऱ्याची गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शहा नावाच्या तरुण वकिलाने शेजाऱ्याला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी तेथील कचरा उचलण्यास आरंभ केला. दर आठवड्यास माणसे वाढत गेली. किनाऱ्याचा नूर पालटला आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा गौरव केला. ही सुरुवात दंडाच्या पावतीने झाली नाही. समुद्र पुन्हा पुन्हा कचरा आणून टाकतो, म्हणून काम संपत नाही, हे मात्र तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एवढा इतिहास पाहिल्यावर मंडळाच्या पत्राविषयी माझे मत मांडते. पत्र अवश्य द्यावे. त्यात पहिली मागणी दिव्यांची व कचरापेट्यांची, दुसरी स्त्रियांच्या स्वच्छ व विनामूल्य शौचालयाची असावी. तिसरी मागणी नियमांची: बाटल्या फोडणे, मुलीची छेड काढणे, मर्यादेबाहेर आवाज करणे, या कृत्यांवर खुशाल कडक इलाज व्हावा, कारण ती दुसऱ्याला इजा करतात. पण कोणी बसावे, कोणाबरोबर बसावे, कोणत्या गावचे व कोणत्या वस्तीचे यावे, यासंबंधी एकही शब्द पत्रात असू नये. चौथे, दंड वसूल करणाऱ्यास दंडातून वाटा नसावा.

आणि त्या टोळक्यातील मुलांविषयी एक शब्द. त्यांतली निम्मी आपल्याच आळीतली आहेत. काहींना आपण बालवाडीत शिकविले आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असली की मोठ्या मुलाने रात्री नऊनंतर जावे कोठे? बाटली फोडील त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावेच. परंतु जो नुसता बसला आहे त्याला नावाने हाक मारून चौकशी करणे, हे काम महापालिका करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल. पत्राचा मसुदा पुढच्या सभेत वाचला जाईल. सर्व भगिनींनी आणि शेजाऱ्यांनीही आपली मते घेऊन जरूर यावे, ही विनंती.