जलाश्वच्या तोफेचं कूळ

कॅलिफोर्नियातलं डब्लिन बे एरियातल्या मराठी घरांना ठाऊक आहे ते बार्टच्या निळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन म्हणून. समुद्र तिथून दिसतही नाही. तरी १९४३ मध्ये याच टेकड्यांच्या पायथ्याशी अमेरिकी नौदलाने कॅम्प पार्क्स आणि कॅम्प शूमेकर अशा दोन छावण्या उभारल्या, जोडीला मोठं इस्पितळ बांधलं, आणि या सगळ्या पसाऱ्याला लोक ‘फ्लीट सिटी’ म्हणू लागले. पार्क्समध्ये सीबीज, म्हणजे नौदलाचे बांधकामवाले. शूमेकरमध्ये जहाजावर नेमणूक मिळण्याची वाट पाहणारे खलाशी. नेमणूक मिळाली की रवानगी पॅसिफिककडे, जिथे एकेक बेट जपान्यांकडून हिसकावून घेणं चाललं होतं.

बेटावर फौज उतरवणाऱ्या जहाजाची अडचण इतर लढाऊ जहाजांना नसते. ते किनाऱ्याजवळ थांबतं, माणसं आणि गाड्या उतरेपर्यंत तासन्‌तास थांबतं, आणि कुठे थांबलंय हे शत्रूला माहीत असतं. त्यामुळे त्याचं रक्षण मुख्यतः दुसऱ्यांनी करायचं: विमानवाहू जहाजावरची विमानं, मग भोवतीच्या विनाशिका. त्याच्या स्वतःच्या तोफेची पाळी आली, तर आधीची दोन्ही कडी फुटली असं समजायचं. या लेखात मागोवा आहे तो त्या शेवटच्या तोफेचा.

महायुद्धात ती तोफ होती स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची, ४० मिलिमीटरची. आपल्याकडे १९८७ नंतर गाजली ती याच कंपनीची १५५ मिलिमीटरची थोरली बहीण. अमेरिकेत धाकटीचं उत्पादन मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लरने केलं. गोळे चार-चारच्या क्लिपमध्ये यायचे आणि भरणारा खलाशी क्लिप हाताने वरून तोफेत सोडायचा. एक नळी मिनिटाला १२० गोळे झाडायची, म्हणजे दर दोन सेकंदांना एक क्लिप. आकाशातून विमान अंगावर येत असताना नजर वर न नेता, हात न थांबवता हे करत राहायचं.

ओकिनावाला १ एप्रिल १९४५ रोजी फौज उतरली आणि या तोफेचा कमकुवतपणा उघडा पडला. कामिकाझे वैमानिकाला परत जायचंच नव्हतं. विमानाला भोकं पडली, पंख पेटला, तरी ते येऊन आदळायचंच. १६ एप्रिलला ‘लॅफी’ या एकट्या विनाशिकेवर सुमारे ८० मिनिटांत २२ विमानं चालून आली. त्यांतली सहा आदळली आणि ३२ माणसं गेली. ओकिनावाच्या मोहिमेत अमेरिकी नौदलाची ४,९०० हून अधिक माणसं मेली. विमान नुसतं पाडून भागणार नव्हतं, हवेतच त्याचे तुकडे करायला हवे होते. लक्ष्याजवळ जाताच आपोआप फुटणारा, पोटात छोटा रेडिओ असलेला फ्यूज तेव्हा हाताशी होता, पण ४० मिलिमीटरच्या गोळ्यात तो मावेना. म्हणून तीन इंची, म्हणजे ७६ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ घाईने आखली गेली. ती तयार होईतो युद्ध संपलं.

संपलेल्या युद्धाची ही तोफ पुढची पंचवीस वर्षं फौजवाहू जहाजांवर चढत राहिली. सिएटलच्या लॉकहीड गोदीत बांधलेलं ‘ट्रेंटन’ ६ मार्च १९७१ रोजी अमेरिकी नौदलात दाखल झालं, तेव्हा त्याच्यावरही जुळ्या नळ्यांच्या तीन इंची तोफाच होत्या. धोका मात्र केव्हाच बदलला होता. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या बोटींनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका स्टिक्स क्षेपणास्त्रांनी बुडवली होती.

त्याची उजळणी मुंबईच्या क्षेपणास्त्र बोटींनी केली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ कराचीसमोर पोचल्या. त्यांच्यासमोर आलेली पाकिस्तानची ‘खैबर’ मूळची ब्रिटिश ‘कॅडिझ’, म्हणजे विमानं पाडण्यासाठीच मुद्दाम आखलेल्या बॅटल वर्गातली विनाशिका. आकाशात झगझगीत उजेड जवळ येताना दिसला, ते विमानच आहे असं खैबरवरच्यांना वाटलं आणि त्यांनी बोफोर्स तोफा सुरू केल्या. तो उजेड ‘निर्घात’ने सोडलेल्या स्टिक्सचा होता. बॉयलरला मार बसल्यावर तिने धाडलेल्या संदेशातही ‘शत्रूच्या विमानाचा हल्ला’ असंच होतं. मग दुसरं क्षेपणास्त्र आलं आणि ती बुडाली. आपल्याकडे ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. तो साजरा करताना खैबरवरचे तोफची मला हटकून आठवतात: शिकवलं होतं ते त्यांनी चोख केलं, फक्त ते धडे १९४५ चे होते.

‘ट्रेंटन’ तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचं होतं.

क्षेपणास्त्रांवरचा तोडगा पुन्हा कॅलिफोर्नियातच घडला, पण पोमोनात, जनरल डायनॅमिक्सच्या कारखान्यात. माणसाचे हात पुरेनात, तेव्हा माणूसच काढून टाकला. सहा नळ्यांची २० मिलिमीटरची फिरती तोफ, तिच्या डोक्यावर पांढऱ्या घुमटात रडार, आणि लक्ष्याबरोबर स्वतःच्या गोळ्यांचाही माग ठेवून नेम सुधारणारं यंत्र. हीच फॅलँक्स. सुरुवातीला मिनिटाला ३,००० गोळ्या, पुढे ४,५००. पल्ला मात्र दीडेक किलोमीटरच, म्हणजे सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी पाच सेकंद. पहिली तैनाती १९८० मध्ये ‘कोरल सी’वर झाली. दोन वर्षांनी फॉकलंडमध्ये ब्रिटिश फौज सान कार्लोसला उतरली, तेव्हा ‘फिअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’ या फौजवाहू जहाजांवर मात्र अजून ४० मिलिमीटरच्या बोफोर्स होत्या. त्या ताफ्याचं निशाणजहाज ‘हर्मीस’, म्हणजे नंतरचं आपलं ‘विराट’. तिच्यावरची सी हॅरियर विमानं हे पहिलं कडं होतं, आणि ते अनेकदा फुटलं.

यंत्रं चुकतात, माणसं तर चुकतातच. १९८७ मध्ये ‘स्टार्क’ या अमेरिकी जहाजावर दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं आदळली आणि ३७ माणसं गेली, कारण तिची फॅलँक्स स्वयंचलित स्थितीत ठेवलेलीच नव्हती. १९९१ मध्ये ‘जॅरेट’ची फॅलँक्स नको इतकी जागी होती. शेजारच्या ‘मिसूरी’ने रडार फसवायला उधळलेल्या चमक्यांवर तिने मारा केला आणि काही गोळ्या ‘मिसूरी’लाच लागल्या.

‘ट्रेंटन’च्या तीन इंची तोफा उतरल्या, फॅलँक्स चढल्या, आणि २२ जून २००७ रोजी नॉरफोकला ती भारतीय नौदलाची ‘जलाश्व’ झाली. तळ विशाखापट्टणम. विकत घेतलेलं जुनं जहाज म्हणून तिच्यावर टीका झाली, ती अगदीच गैरवाजवी नव्हती. पण मे २०२० मध्ये मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं ते तिनेच.

तिचीच बहीण ‘पॉन्स’ अमेरिकेकडे राहिली. तिच्या डेकवर २०१४ मध्ये पर्शियन आखातात लेझर शस्त्राची चाचणी झाली. १८ जुलै २०१९ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत ‘बॉक्सर’ या फौजवाहू जहाजाने इराणी ड्रोन पाडल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. काम केलं ते डेकवर उभ्या केलेल्या मरीन्सच्या गाडीतल्या जॅमरने, एकही गोळी न झाडता. फॅलँक्स तेवढ्याने निकालात निघाली असं मात्र नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी लाल समुद्रात ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेने हुथींचं क्षेपणास्त्र पाडलं ते याच तोफेने, साधारण मैलभरावर आल्यावर.

‘जलाश्व’च्या जोडीला चार मोठी फौजवाहू जहाजं बांधायची भारताची योजना दशकाहून जास्त काळ फायलींत फिरते आहे. ती कधी पाण्यात उतरलीच, तर त्यांच्या डेकवर शेवटची राखण करायला काय बसवणार, हे आखणी करतानाच ठरवावं लागेल. १९७१ सालच्या ‘ट्रेंटन’वर ते १९४५ च्या हिशोबाने ठरलं होतं.