दुष्काळाच्या वर्षाची वही



दिवाळीचा पाडवा आला की वाण्याच्या दुकानात वही बदलते. नव्या वहीवर हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर श्री काढतात, ते सगळ्यांना दिसतं. पण त्याच्या आधी चार-आठ दिवस तो वाणी काय करतो, ते कुणी पाहत नाही. तो जुनी वही उघडून बसलेला असतो. येणं किती, देणं किती, बुडालं किती. नफ्याच्या वर्षी हे काम गोड लागतं. बुडालेल्या वर्षी वहीचा दोरा सोडायला हात धजत नाही. तुमचंआमचंही तसंच आहे. कार्तिकीला आलात, चंद्रभागेत बुडी मारली, पण मनातली गेल्या वर्षाची वही काही भिजत नाही. कुणाचा कांदा पावसानं सडला, कुणाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाच्या घरचं माणूस गेलं. या वहीत देवाची कृपा कोणत्या पानावर लिहिली आहे, असं कुणी विचारलं तर काय सांगाल?

आज हा प्रश्न आपण एका वाण्यालाच विचारू. देहूच्या वाण्याला. तुकोबारायांच्या घरी पेठेची महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होतं. जमाखर्च हा त्यांचा घरचा धंदा. म्हणून त्यांनी आपल्या वाईट वर्षाचा हिशेब कसा मांडला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी ते वर्ष काय होतं ते नीट पाहू. आम्ही कीर्तनकार ‘पुढं दुष्काळ पडला’ असं एका वाक्यात म्हणतो आणि टाळ वाजवून मोकळे होतो. तेवढ्यानं भागत नाही. हा दुष्काळ १६३० ते १६३२ चा. दख्खन आणि गुजरात दोन्ही मुलखांत पाऊस गेला. दिल्लीचा बादशहा शहाजहान त्या वेळी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता, निजामशाही बुडवायला आलेला. म्हणजे आभाळातून पाणी नाही आणि जमिनीवर फौजा. जे पिकलं असतं ते घोड्यांनी खाल्लं असतं, अशी गत. त्याचा दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरी. धन्याची तारीफ लिहिणं हा त्याचा धंदा, त्याला वाईट लिहून काही मिळणार नव्हतं. तोही लिहितो की माणसं भाकरीच्या बदल्यात स्वतःला विकायला निघाली आणि विकत घ्यायला कुणी नव्हतं. बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं गेलं. पिठात मेलेल्यांच्या हाडांची भुकटी मिसळली गेली. बादशहानं लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटायचा हुकूम दिला. केलं ते चांगलं केलं. पण मुलूख केवढा आणि सोमवार किती!

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघाला. वाट आपल्या नंदुरबारावरून बऱ्हाणपुराकडे. त्यानं रोजनिशी ठेवली होती. वाटभर प्रेतं, दुर्गंधीनं नाक धरायची पाळी, आणि मुक्कामाला तंबू ठोकायला मोकळी जागा सापडेना, असं तो लिहितो. पुण्याकडे याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. देहू तिथून एका दिवसाच्या चालीवर. आणि याच १६३० सालच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवबांचा जन्म झालेला. पाळणा हलत होता आणि खाली मुलूख मरत होता. जिजाऊंनी त्या वर्षाकडे काय म्हणून पाहिलं असेल, ते तुम्ही घरी जाऊन मनात आणा. आपण देहूलाच राहू.

तुकोबांचं जन्मसाल १६०८ धरलं, तर त्या वेळी वय बाविशीच्या आसपास. आपल्याकडे बाविशीच्या पोराला दुकानाची किल्ली द्यायला बाप कचरतो. याचे बाप आणि आई दोघेही गेलेले. थोरली वहिनी गेली, थोरला भाऊ सावजी संसार टाकून तीर्थाला निघून गेला. घरात धाकटा कान्होबा, दोन बायका, पोरं, आणि दारावर धंद्याची पाटी. त्यात हा काळ आला. धंदा बसला. दिवाळं निघालं. वाण्याला दिवाळं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्याला विचारा. पैसा जातो ते सोसतं, पण काल ‘शेटजी’ म्हणणारा आज रस्त्याच्या पलीकडून जातो, ते सोसत नाही. मग पहिली बायको रखुमाबाई गेली. आधीच दम्यानं खंगलेली. ती अन्न अन्न करत गेली, हे कुणा चरित्रकारानं रंगवलेलं नाही, तुकोबांनी स्वतः आपल्या आत्मचरित्राच्या अभंगात नोंदवलं आहे. पाठोपाठ मुलगा संतू गेला.

आता मायबापहो, इथं जरा थांबा. कारण पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीचं एक असतं, ती ऐकू येत नाही.

या माणसानं पुढं एक अभंग केला. त्यात तो देवापुढं वही उघडतो. दिवाळं निघालं, दुष्काळानं पिळलं, लोकांत फजिती झाली, गुरंढोरं गेली, घरात कटकट झाली. एकेक नोंद काढतो, आणि जी नोंद आपण नावे टाकली असती ती हा जमेला धरतो. म्हणतो, हे झालं ते बरंच झालं, नाहीतर मी तुझ्याकडे आलोच नसतो. दुसरा एक अभंग तर ऐकवत नाही. त्यात आईबाप, बायको, पोर, एकेकाचं मरण मोजून तो सुटका झाल्याचं म्हणतो.

हे अभंग आम्ही फार सोपे करून टाकले. कुणाच्या घरी दुःख झालं की आम्ही तिथं बसतो आणि म्हणतो, ‘बघा, महाराज म्हणतात, बरं झालं.’ कोरोनाचं साल आठवा. २०२० ला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपुरास गेल्या, गाडीत मोजकी माणसं, आणि लाखो वारकरी आपापल्या उंबऱ्यावर उभे राहून पंढरीकडे तोंड करून नमस्कार करत होते. ज्यांचं फक्त चालणं चुकलं, त्यांनी पुढं म्हटलं की घरी बसून नाम घेतलं, तेही बरं झालं. त्यांनी म्हणावं. पण ज्या बाईचा नवरा दवाखान्यात गेला आणि तोंडही न दिसता राखेच्या मडक्यातून परत आला, तिच्या दारात जाऊन काही शहाण्यांनी हेच वाक्य म्हटलं. तो अधिकार त्यांना कुणी दिला? तुकोबांनी दिला नाही. त्यांनी ‘बरं झालं’ म्हटलं ते स्वतःच्या वहीवर. दुसऱ्याच्या वहीत हात घालून जमा लिहिणाऱ्याला पेठेत काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरं असं की, हाच माणूस आत्मचरित्राच्या अभंगात सांगतो, मला लाज वाटली, दुःखानं जीव विटला. ‘बरं झालं’ म्हणणारा आणि ‘विटलो’ म्हणणारा तुकोबा एकच आहे. त्याचं दुःख खोटं नव्हतं. रखुमाबाईच्या तोंडात घास घालता आला नाही, ही नोंद त्यानं खोडली नाही. ती आजही गाथेत आहे. मला विचाराल, तर मला त्या ‘बरं झालं’वर विश्वास बसतो तो एवढ्याचमुळे.

मग जमेला काय आलं? परंपरा अशी, आणि महिपतीबुवांनी १७७४ च्या भक्तलीलामृतात ती सविस्तर गायली आहे, की तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत शोधत आला. दोघे इंद्रायणीकाठी उतरले. तिथं तुकोबांनी घरातली कर्जाची खतं मागवली. कान्होबा म्हणाला, दादा, तुम्ही साधू झालात, माझ्या पोराबाळांचं काय? बरोबरच बोलला तो. त्याची निम्मी खतं त्याला दिली. आपला निम्मा वाटा तुकोबांनी इंद्रायणीत सोडला.

कथेत आपण या जागी ‘केवढं वैराग्य!’ म्हणून हात जोडतो. पण वाण्याच्या डोळ्यांनी बघा. दुष्काळात शेतकरी मरतो, बैल मरतो, पण खत मरत नाही. ज्याच्या हातात खत, त्याला दुष्काळ म्हणजे सुगी. कूळ हातघाईला आलं की गहाण जमीन सोडवता येत नाही, आणि ती हळूच सावकाराच्या घरात येते. साऱ्या मुलखात तेच चाललं असणार. दिवाळं निघालेल्या तुकोबाकडे पुन्हा उभं राहायला भांडवल उरलं होतं ते एवढंच, दुसऱ्याचं देणं. त्यावर दुकान परत थाटता आलं असतं. भुकेनं बायको मेलेल्या माणसाला ते जमेना. खताच्या पलीकडे जो बसला होता, त्याच्या घरातही कुणीतरी अन्न अन्न करत असणार, हे त्याला आता माहीत होतं. आधी माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ऐकू येत नव्हतं.

कागद पाण्यात गेले आणि देहूच्या आसपास किती घरांवरचा फास सुटला, त्याची यादी कुणी ठेवली नाही. ठेवणार तरी कशी, यादीच बुडाली ना! तुकोबाला कृपा झाली असं आपण म्हणतो, पण ती आधी पोचली त्या कुळांच्या घरी. देवानं दुष्काळ पाठवला तो तुकोबाला शहाणं करायला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाच्या शिकवणीपायी लाखांना उपाशी मारणारा देव आपल्या विटेवर उभा नाही. दुष्काळ आला पावसाच्या नि फौजांच्या चालीनं. त्या राखेत एका वाण्याची मूठ उघडली, तिथं मात्र मला विठोबाचा हात दिसतो.

पुढचं भराभर सांगतो. वाडवडिलांपासूनचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते तुकोबांनी नीट केलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं. आरंभी मन अभ्यासात रमत नव्हतं, म्हणून संतांची वचनं पाठ केली, असं ते स्वतः मोकळेपणानं सांगतात. गाथा त्यानंतरची.

आता राहिली जिजाई. कीर्तनात तिचं नाव निघालं की मंडपात हशा पिकतो, ‘आवली कडाडली’ म्हणून. मला तो हशा आवडत नाही. तिचं माहेर पुण्याचं खातंपितं. सासरी आली, आणि सवतीला भुकेनं जाताना तिनं बघितलं. सवतीचं पोर जाताना बघितलं. मग नवऱ्यानं उरलेले कागदही नदीत सोडले. तिनं चिडायचं नाही तर कुणी चिडायचं? तिच्या वहीत ‘बरं झालं’ अशी नोंद सापडत नाही, आणि ती कुणी तिच्या नावानं लिहूही नये. ती एवढंच करत राहिली, की फडक्यात भाकरी बांधायची आणि उन्हात भंडाऱ्याचा डोंगर चढायचा, कारण वर बसलेला माणूस स्वतः होऊन जेवायला खाली येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा आपल्या घरातलं कुणी उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा तिचा दुष्काळातून निघालेला हिशेब असावा.

१६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा जिजाईच्या पोटात मूल होतं. बापाचं तोंड न पाहिलेलं ते पोर म्हणजे नारायण महाराज. १६८५ मध्ये त्यांनीच तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. आषाढात तुम्ही ज्या पालखीमागं चालता, ती जिजाईच्या या पोरानं उचललेली आहे.