दास यार
(वर्ष). जर्मन संगीतकर्त्री फॅनी हेन्सेल (१८०५–४७) हिची पियानोवरील रचनामाला. १८३९–४० मधील इटलीच्या प्रवासाच्या स्मृती मनात ताज्या असतानाच, १८४१ मध्ये बर्लिन येथे, बारा महिन्यांची बारा स्वरचित्रे व एक उपसंहार अशा स्वरूपात तिने ती रचिली; पुढे रंगीत कागदांवर उतरविलेल्या सुबक प्रतीत प्रत्येक महिन्यास कवितेच्या ओळींची व पती विल्हेल्म या चित्रकाराच्या रेखाटनांची जोड मिळाली. मार्चमध्ये ईस्टरचे, डिसेंबरमध्ये नाताळचे व उपसंहारात सरत्या वर्षाचे जुने प्रार्थनागीत गुंफिले आहे. बंधू फेलिक्स मेंडेल्सझोन याच्या कीर्तीने झाकोळलेल्या या विदुषीची ही कृती, तिच्या पियानोलेखनात निःसंशय सर्वश्रेष्ठ असूनही, बव्हंशी दप्तरातच राहिली आणि १९८९ मध्ये प्रथम समग्र मुद्रित झाली.