धोटा आणि सोयरीक

रोहा-धाटाव भागातल्या आपल्या अनेक घरांतला कुणी ना कुणी मुंबईच्या कापड गिरणीत राबलेला आहे. म्हणून गिरणीतला एक जुना इतिहास नव्या पिढीपुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते.

त्या काळी अस्पृश्य कामगाराला गिरणीत सूतकताईच्या खात्यात काम मिळे, झाडलोटीचे मिळे. पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्याला मज्जाव होता. पगार मात्र तिथेच चांगला. कारण काय, तर कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, ही स्पृश्य कामगारांची तक्रार! म्हणजे आडवा आला तो नुसता मालक नव्हे, शेजारी उभा राहून घाम गाळणारा कामगारच.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, साचेखाते आमच्यासाठी खुले करा ही मागणी यादीत घाला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर त्याचा दोष आमच्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले.

पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, १९५५ साली ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा आला. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा साच्यावर आपली माणसं उभी होती. आज धाटावच्या कारखान्यांत सगळ्या जातींची माणसं एका पाळीत काम करतात, एकत्र डबा खातात. तरी नवा माणूस आला की आधी आडनाव विचारायची खोड काही सुटत नाही.

नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले ते भाषण मंडळाने होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापले. खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. आणि त्या विवाहांना आड येणारी शास्त्रांवरची श्रद्धा आधी मोडली पाहिजे, असेही. त्याआधी, १९१९ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अशा विवाहांना कायद्याचा आधार दिला होता. बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या सारस्वत ब्राह्मण घरातल्या. १९५४ साली विशेष विवाह कायदा आला.

कायदे झाले, पण मनं? २०१३ साली सोनईला अशाच प्रेमापायी आपल्या तीन दलित भावांचा जीव गेला. हे आपण मोर्चात बोलतो, बोललंच पाहिजे. पण घरात काय चालतं? मुलाने वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतली सून आणली तर कौतुक. मुलीने मातंग किंवा चर्मकार समाजातला मुलगा पसंत केला तर घरात सुतक! धर्मांतर करून साठ-सत्तर वर्षे लोटली, तरी स्थळ बघताना काही घरांत अजून पोटजात विचारतात. धोट्याचा विटाळ त्यांनी मानला. हा सोयरिकीचा विटाळ कोणाचा?

साचेखात्याचे दार उघडायला चळवळ लागली, कायदा लागला. आपल्या उंबरठ्याला मात्र कडी आतून आहे. ती काढायला कोणी बाहेरचा येणार नाही.

जय भीम!