अवाँगार्द कवींची आद्य ध्वनिमुद्रणे

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत युरोपातील भविष्यवादी, दादावादी आणि त्यांच्या आगेमागे वावरणाऱ्या आधुनिकतावादी कवी-कलावंतांच्या स्वतःच्या आवाजात झालेली व पुढे अभिलेखागारांत जतन केली गेलेली ध्वनिमुद्रणे. ती संख्येने थोडी आहेत. त्यांतील काही अत्यंत मोलाची मुद्रणे भाषाशास्त्रज्ञांच्या खटपटीतून झाली. कलेत क्रांती घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना उच्चारांचे नमुने हवे होते, आणि कवी हा त्यांच्या लेखी बरा बोलणारा माणूस होता.

फ्रेंच भाषेचा इतिहास लिहिणारे फेर्दिनां ब्र्यूनो यांनी १९११ मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात ‘आर्शीव्ह द ला पारोल’ (वाणीचे अभिलेखागार) स्थापन केले. उपकरणे एमिल पाते यांच्या उद्योगाने पुरवली. ग्रामीण बोली मुद्रित करण्यासाठी ब्र्यूनो यंत्र घेऊन आर्देन आणि बेरी या प्रदेशांत हिंडले. त्याच यंत्रासमोर डिसेंबर १९१३ मध्ये गीयोम आपोलिनेर उभा राहिला आणि त्याने आपल्या तीन कविता म्हटल्या. ‘आल्कोल’ हा त्याचा संग्रह त्याच वर्षी निघाला होता, आणि त्यातली सगळी विरामचिन्हे त्याने छापण्याआधी काढून टाकली होती. म्हणूनच हे मुद्रण अभ्यासकांना इतके मोलाचे वाटते : छापील पानावर न दिसणारे थांबे इथे कानाला कळतात. आपोलिनेर कविता जवळजवळ गातो, ओळीच्या शेवटी सूर लांबवतो. मुद्रण परत ऐकवले तेव्हा आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. १९१८ मध्ये तो वारला. सॉर्बोनचा हा संग्रह आता फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आवाज ओळखू न येण्यात यंत्राचाही वाटा होता. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ होईपर्यंत मायक्रोफोन वापरात नव्हता. वक्त्याने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोलायचे, त्या हवेच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात खाच कोरायची. खर्जातले स्वर आणि ‘स’, ‘श’सारखे घर्षक वर्ण त्यात जवळजवळ नाहीसे होत. शिवाय मुद्रणाच्या वेळची गती नक्की ठाऊक नसेल तर आवाजाची पट्टीच बदलते. कवी जाड्या आवाजाचा की पातळ, हे थोडेफार पुनर्मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कानावर ठरते. या मुद्रणांवरून कवीच्या स्वभावाचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पेत्रोग्रादमध्ये सेर्गेई बेर्नश्टाइन या भाषाशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ब्लोक, आख्मातोवा, मांदेलश्ताम यांच्याबरोबरच भविष्यवादी मायाकोव्हस्कीचाही आवाज मेणाच्या दंडगोलांवर घेतला. कवीकडे चहाला येणाऱ्या सूर्याची त्याची प्रसिद्ध कविता त्यात आहे. मेणाचा दंडगोल दर वाजवणीला झिजतो. १९३० मध्ये बेर्नश्टाइनला तो काम करत असलेल्या संस्थेतून दूर केल्यावर या संग्रहाची आबाळ झाली. उरलेले दंडगोल मॉस्कोच्या साहित्य संग्रहालयात पोचले आणि १९६० नंतर लेव शिलोव यांनी चिकाटीने त्यांतले आवाज पुन्हा बाहेर काढले. खरखरीच्या मागे मायाकोव्हस्की ऐकू येतो, तो सभा गाजवणाऱ्या वक्त्यासारखाच.

जेम्स जॉइसची दोन मुद्रणे आहेत. ‘युलिसिस’मधील उताऱ्याचे पहिले मुद्रण १९२४ मध्ये पॅरिसमध्ये प्रकाशिका सिल्व्हिया बीच यांनी पदरमोड करून करवले, प्रती अवघ्या तीस निघाल्या. दुसरे १९२९ मध्ये केंब्रिजला सी. के. ऑग्डेन यांनी केले. जॉइसची दृष्टी अधू झाल्याने मजकूर त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा लागला होता.

ज्यांची कला मुळात आवाजाचीच होती, त्यांच्याकडून मात्र फार थोडे उरले आहे. लुईजी रुसोलोने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा काढला, खडखडणारी-गुरगुरणारी वाद्ये घडवली. ती वाद्ये टिकली नाहीत. त्यांचा आवाज असलेली त्या काळातली एक तबकडी आहे, १९२१ ची, आणि तिच्यात त्याचा भाऊ आंतोनिओ याच्या दोन रचना वाजतात. त्याही नेहमीच्या वाद्यवृंदाच्या आड दबलेल्या. झुरिकच्या कॅबारे व्होल्तेअरमध्ये १९१६ साली ह्यूगो बालने अर्थहीन अक्षरांच्या कविता म्हटल्या. त्या रात्रींचे मुद्रण नाही. आज ऐकायला मिळतात ती नंतरच्या कलावंतांनी केलेली सादरीकरणे.

हानोवरच्या कुर्ट श्विटर्सने आपली ‘उरसोनाटे’ ही ध्वनिकविता १९२२ ते १९३२ या दहा वर्षांत रचली. कल्पना राउल हाउसमानच्या अक्षर-कवितेवरून सुचली, पण श्विटर्सने तिला संगीतातल्या सोनाटाचा घाट दिला. संपूर्ण सादरीकरणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटेच मावत. त्यामुळे १९२५ मध्ये ‘मेर्त्स’ या आपल्या नियतकालिकाचा तेरावा अंक त्याने तबकडीच्या रूपात काढला, तेव्हा त्यात एक भागच आला. १९३२ मध्ये स्टुटगार्टच्या नभोवाणीने त्याच्या आवाजात काही भाग मुद्रित केले. पुढे नाझी राजवटीमुळे तो नॉर्वेला आणि तिथून इंग्लंडला गेला व १९४८ मध्ये वारला. १९९३ मध्ये त्याच्याच आवाजातली म्हणून संपूर्ण ‘उरसोनाटे’ सीडीवर प्रसिद्ध झाली आणि जाणकारांनीही ती डोक्यावर घेतली. तो आवाज त्याचा मुलगा एर्न्स्ट याचा आहे.