अक्षर न बदलता झालेला ‘ध’चा ‘मा’ : ज्यू-संहाराच्या सरकारी शब्दांची जडणघडण

अमंगल शब्द टाळण्याची रीत मराठीत जुनी आहे. बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात, दुकान बंद न करता ‘वाढवतात’, आणि माणसाला ‘देवाज्ञा’ होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले, त्यामागेही हीच जाण आहे. अशा सौम्योक्तीच्या मुळाशी भय असते किंवा मृताविषयीचा आदर असतो. विसाव्या शतकात युरोपातील ज्यूंच्या संहारासाठी जर्मन राज्ययंत्रणेने जी शब्दयोजना केली, तिचा उगम मात्र लोकभाषेत सापडत नाही. ती कचेरीत घडली, आणि तिच्यातील बरेच शब्द संहारापूर्वीचेच होते.

या प्रक्रियेचे स्वरूप एका मराठी वाक्प्रचाराच्या तुलनेने स्पष्ट होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका या घटनेला चिकटली व ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. तिच्या सत्यासत्यतेपेक्षा तिच्यामागची धारणा येथे महत्त्वाची आहे. मूळ शब्द निर्दोष होता, एका हाताने एक अक्षर बदलले आणि गुन्हा त्या बदलात दाखवता येतो, असे लोकस्मृती मानते. जर्मन दफ्तरात हा क्रम उलटा दिसतो. तेथे ‘धरावे’ हे अक्षर कागदावर तसेच राहिले. बदलला तो त्याचा अर्थ.

‘ज्यूप्रश्न’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्यूंना समान नागरी हक्क द्यावेत की नाही, या वादातून तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळला. ब्रुनो बाउअरने १८४३ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले व १८४४ मध्ये कार्ल मार्क्सने त्याला उत्तर दिले. थिओडोर हर्झलने १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राची कल्पना मांडली, तीही या प्रश्नाची आधुनिक ‘उकल’ म्हणूनच. म्हणजे ही शब्दजोडी केवळ द्वेष्ट्यांची नव्हती. परंतु एखाद्या जनसमूहाला ‘प्रश्न’ म्हटले की त्याचे ‘उत्तर’ व्याकरणातूनच अपेक्षिले जाते. विसाव्या शतकातील मारेकऱ्यांना ही अपेक्षा तयार मिळाली.

‘एंडल्योझुंग’ म्हणजे ‘अंतिम उकल’ या शब्दाचाही अर्थ प्रारंभापासून एकच नव्हता. जून १९४० मध्ये राइनहार्ड हायड्रिखने ‘प्रादेशिक अंतिम उकल’ असा शब्दप्रयोग केला, तेव्हा अभिप्रेत होती ती हद्दपारी. मादागास्कर बेटावर ज्यूंना पाठवण्याची योजना त्याच वर्षी तयार होत होती. ३१ जुलै १९४१ रोजी हेर्मान ग्योरिंगच्या सहीने हायड्रिखला मिळालेल्या पत्रातही हाच शब्द आहे. त्या सुमारास पूर्व आघाडीवर सामूहिक हत्या सुरू झाल्या होत्या. शब्दाच्या आत हद्दपारीची जागा मृत्यूने घेतली. कागदावर खाडाखोड झाली नाही.

दुसरा प्रवाह पोलिसी व वैद्यकीय परिभाषेचा होता. ‘झोंडरबेहांडलुंग’, म्हणजे ‘विशेष वागणूक’, हा शब्द सप्टेंबर १९३९ मधील हायड्रिखच्या आदेशात येतो. खटल्याविना ठार करणे हा त्याचा अर्थ. १ सप्टेंबर १९३९ ही मागची तारीख घातलेल्या हिटलरच्या पत्राने असाध्य रुग्णांना ‘कृपामृत्यू’ देण्याची मुभा दिली, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण व अपंग वायुकोठड्यांत मारले गेले. त्या कामातील कर्मचारी पुढे पोलंडमधील संहार-छावण्यांत गेले. त्यांच्यासोबत गोपनाची सवयही गेली.

२० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे पंधरा अधिकाऱ्यांची बैठक झाली. तिच्या इतिवृत्तात युरोपातील एक कोटी दहा लाख ज्यूंची देशवार मोजणी आहे. ‘पूर्वेकडे स्थलांतर’, श्रमांतून होणारी ‘नैसर्गिक घट’ आणि उरलेल्यांना ‘योग्य ती वागणूक’ अशी त्याची भाषा आहे. प्रत्यक्ष चर्चा ठार मारण्याविषयी उघड शब्दांत झाली, असे आडोल्फ आइखमानने १९६१ मध्ये यरुशलेमच्या न्यायालयात सांगितले. सौम्योक्ती बोलण्यासाठी नव्हती. ती नोंदीसाठी होती.

रिखर्ड कोरहेर या संख्याशास्त्रज्ञाच्या १९४३ च्या अहवालाने ही गोष्ट अधिक उघड होते. त्यात ‘विशेष वागणूक’ हा शब्द आला होता. एप्रिलमध्ये हाइनरिख हिमलरने तो काढायला लावला आणि लाखो लोक छावण्यांतून ‘पुढे पाठवले गेले’ अशी शब्दरचना सुचवली. आकडा तोच राहिला : १२,७४,१६६. वापराने सौम्योक्तीचा पडदा विरतो आणि नवा पडदा लागतो, हा भाषेचा सामान्य नियम येथे खुद्द मारेकऱ्याने ओळखलेला दिसतो.

‘पूर्व’ हा या कोशातील सर्वांत साधा शब्द. स्थलवाचक शब्दावर अर्थ कसे बसतात, याचे दक्षिण भारतातील एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. कावेरीकाठचे कुंभकोणम हे मंदिरांचे व विद्येचे नगर, बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचे जन्मस्थान. परंतु तेलुगूत ‘कुंभकोणम’ हे घोटाळा या अर्थी सामान्यनाम झाले असून वृत्तपत्रांत ते सर्रास छापले जाते. निरपराध स्थळावर तेथे दोषाचा अर्थ बसला. ‘पूर्वेकडे’ या शब्दात उलट घडले : गुन्ह्यावर निरपराध दिशेचे नाव बसले. युद्धानंतर आउशवित्झ या स्थलनामाने तो गुन्हा पुन्हा नावानिशी उघड केला.

या शब्दांचे पहिले भाष्यकार त्यांच्या सावलीतून वाचलेले होते. नाखमान ब्लुमेंटालचा ‘निरपराध शब्दां’चा पोलिश कोश आणि व्हिक्टर क्लेम्परर यांचा नाझी भाषेवरील ग्रंथ, दोन्ही १९४७ चे. त्याआधी, १९४४ मध्ये, राफाएल लेमकिनने ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. ९ डिसेंबर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला कायद्यात स्थान दिले. ‘होलोकॉस्ट’ मात्र मूळ ग्रीकमध्ये संपूर्ण दहन केलेला बळी सुचवतो. हत्येला यज्ञाची छटा देणारा हा शब्द अनेकांना खटकतो, म्हणून हिब्रूतील ‘शोआ’, म्हणजे महाविनाश, अधिक स्वीकारार्ह ठरला.

मराठी अनुवादकापुढचा प्रश्न यातूनच उभा राहतो. ‘अंतिम उकल’ अवतरणचिन्हांशिवाय छापली, तर कचेरीची भाषा अनुवादातही चालू राहते. तिच्या जागी सरळ ‘वंशसंहार’ लिहिला, तर लपवण्याचा पुरावाच पुसला जातो. संहार नाकारणारे याच शब्दांच्या वाच्यार्थाचा आधार घेऊन ‘स्थलांतर म्हणजे स्थलांतरच’ असा दावा करतात. म्हणून कागदावरचा शब्द आणि त्या तारखेचा त्याचा अर्थ, दोन्ही शेजारी ठेवणे हे अनुवादाचे व इतिहासाचे समान कर्तव्य ठरते. ‘मा’ कोणी केला हे शोधताना, ‘ध’ तसाच का ठेवला गेला, हेही विचारावे लागते.